जुन्या नोटांचें जतन

घरांतील वडीलधारें माणूस निवर्तल्यावर वर्षसहा महिन्यांनीं केव्हां तरी त्याची जुनी ट्रंक उघडली जाते. तींत खरेदीखतें निघतात, पोस्टाचीं पासबुकें निघतात, एखादी पिवळी पडलेली जन्मपत्रिका निघते, आणि ह्याच कागदांच्या घडींत दडलेल्या दोनचार जुन्या नोटाहि निघतात. एकीवर पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा असतो, दुसरीवर सहाव्या जॉर्जचा. मराठवाड्यांतील घर असलें तर एखादी निजामाच्या राज्यांतील असते, आणि गोव्याशीं नातें असलेल्या घरांत पोर्तुगीज अमदानींतील रुपियेची. घरांतील मंडळी भोंवतीं जमतात. कोणी घडी उलट बाजूनें दाबून नोट सरळ करूं पाहतो, कोणी ओल्या फडक्यानें तिचा मळ पुसतो, कोणी फाटल्या जागीं चिकटपट्टी लावतो, आणि जो सर्वांत हौशी असेल तो कोपऱ्यावरच्या दुकानांत जाऊन ती प्लास्टिकमध्यें कायमची बंद करून आणतो. पन्नास वर्षें अंधाऱ्या ट्रंकेंत जी नोट सुखरूप राहिली, तिची अशा रीतीनें एका दुपारीं वाट लागते. वाईट हेतु कोणाचाच नसतो. कागद म्हणजे काय आणि त्याला कशानें इजा होते, एवढेंच ठाऊक नसतें.

नोटेचा कागद हा वर्तमानपत्राच्या कागदासारखा लांकडाच्या लगद्याचा नसतो. तो कापसाच्या तंतूंचा असतो, आणि पूर्वीं तर तो चिंध्या कुजवून, कुटून, हातानें गाळलेला असे. हिंदुस्थानांत सरकारनें नोटा काढण्याचा हक्क स्वतःकडे घेतला तो १८६१ च्या कायद्यानें. त्या पहिल्या मालिकेंतील राणी व्हिक्टोरियाच्या चित्राच्या नोटा इंग्लंडांतील लॅव्हरस्टोक येथील गिरणींत हातानें केलेल्या कागदावर छापलेल्या होत्या. त्या एकाच बाजूस छापलेल्या असत. मागची बाजू कोरी. कागदांत ‘गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया’ हीं अक्षरें, सह्या व लहरी रेषा ह्यांचें जलचिन्ह असे. बनावट नोटा निघूं लागल्यामुळें ही मालिका मागें घेण्यांत आली व १८६७ पासून तिच्या जागीं दुसऱ्या नक्षीच्या नोटा आल्या. एवढ्या जुन्या नोटा आजहि पाहावयास मिळतात, ह्याचें मोठें श्रेय त्या चिंध्यांच्या कागदाला आहे. कापसाचा तंतु लांब, चिवट आणि जवळजवळ शुद्ध असतो. लांकडांत जो लिग्निन नांवाचा पदार्थ असतो व ज्यामुळें वर्तमानपत्र दोनचार महिन्यांत पिवळें पडतें, तो त्यांत नसतो म्हटलें तरी चालेल.

ह्या जुन्या नोटांविषयीं आणखी एक गंमत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या काळीं मुंबईहून मद्रासेस पैसे पाठवावयाचे तर वाटेंत चोरी होण्याचें भय असे. म्हणून व्यापारी नोट मधोमध कापीत, एक अर्ध टपालानें पाठवीत, आणि तें पोंचल्याचें पत्र आलें म्हणजे दुसरें अर्ध रवाना करीत. पलीकडचा मनुष्य दोन्ही तुकडे खळीनें चिकटवून पुन्हां एक नोट करी. त्यामुळें त्या काळच्या कित्येक नोटांच्या मध्यावर जोड दिसतो. अडाणी विक्रेता हा जोड दोष समजून तो उकलतो व नव्यानें ‘नीट’ जोडतो. असें केल्यानें नोट सुधारत तर नाहींच, पण टपालाच्या प्रवासाची तिच्या अंगावरची खूण मात्र कायमची पुसली जाते. जुन्या नोटेच्या जतनाचा पाया येथेंच आहे: तिच्यांत भर घालूं नये, तिच्यांतून कांहीं काढूं नये, आणि जें करावयाचें तें असें करावें कीं पुढच्या जाणत्या माणसाला तें सहज परत उलटवितां यावें.

सर्वच कागदी पैसा मात्र असा चिवट नाहीं. पहिल्या महायुद्धांत रुप्याची टंचाई पडली तेव्हां ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं एक रुपयाची नोट निघाली व पाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची. एक रुपयाच्या नोटा पुस्तिकेसारख्या बांधून दिल्या जात व भोंकांच्या ओळीवर फाडून घ्याव्या लागत. म्हणून तिची डावी कड दंतुर असते, आणि ती कात्रीनें सरळ कापण्याचा उद्योग कोणी करूं नये. दुसऱ्या महायुद्धांत मोडीची, म्हणजे सुट्या नाण्यांची, टंचाई आली तेव्हां काठेवाड, कच्छ व राजपुतान्यांतील कित्येक संस्थानांनीं आण्या-पैशांचीं छापील कुपनें काढलीं. हीं कुपनें हलक्या पुठ्ठ्याचीं वा साध्या कागदाचीं होतीं. चारदोन वर्षांपलीकडे तीं कोणी वापरील असें काढणाऱ्यांनाहि वाटलें नसावें. आज त्यांच्या कडा बोट लावतांच झडतात. कापसाच्या कागदाची उत्तम नोट आणि असें आम्लयुक्त कुपन हीं दोन्हीं एकाच पाकिटांत ठेवलीं तर कुपनांतील आम्ल शेजारच्या कागदांत उतरतें व तेथेंहि तपकिरी डाग उठतो. वर्तमानपत्राच्या कात्रणांत गुंडाळून ठेवलेल्या नोटेवर त्या कात्रणाच्याच आकाराची काळसर छाया उमटलेली पुष्कळांनीं पाहिली असेल. तिचें कारण हेंच. संग्रहांत हलका कागद वेगळा, चांगला वेगळा, आणि बातम्यांची कात्रणें तर दुसऱ्याच पेटींत, असा विटाळ पाळणें श्रेयस्कर.

आतां दमट हवेविषयीं. महाराष्ट्रांतील संग्राहकाचा खरा वैरी तीच. विलायती पुस्तकांतून नोटा कशा ठेवाव्या ह्याचे जे नियम सांपडतात, ते कोरड्या व थंड घरांस धरून लिहिलेले असतात. मुंबई, रत्नागिरी वा पणजी येथील आषाढ-श्रावण त्यांच्या लेखकांनीं पाहिलेला नसतो. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ३५ ते ५० असावी, असें कागदाच्या बाबतींत सर्वसाधारणपणें मानतात. पावसाळ्यांत कोंकणपट्टींत ती ८० च्या वर दिवसचे दिवस राहते. शेंकडा ६५ ते ७० च्या पुढें गेली कीं बुरशीला अनुकूल काळ सुरू झाला असें समजावें. कागद सादळतो, फुगतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली कीं आखडतो. ही दरवर्षींची ये-जा तंतूंना मारक ठरते. सादळलेल्या कागदांत आम्लाचें कामहि जलद चालतें, आणि लालसर तपकिरी ठिपके उठूं लागतात. हे ठिपके एकदां उठले कीं घरगुती उपायानें जात नाहींत. जे जातात ते रंग उडविणाऱ्या औषधानें जातात, आणि त्याबरोबर कागदाचा जीवहि जातो.

ह्या हवेला आपल्या पूर्वजांनीं तोंड दिलें नव्हतें असें नाहीं. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद रुमालांत बांधून ठेवलेले होते. पोथ्या दोन फळ्यांमध्यें घालून वर कापडाचें बासन गुंडाळीत. ह्या साध्या कापडांत तीन गुण होते. उजेड व धूळ तें बाहेर ठेवी. हवा मात्र थोडीथोडी आंतबाहेर खेळूं देई. आणि बाहेरची ओल एकदम वाढली तर ती प्रथम कापडांत मुरे, कागदापर्यंत पोंचण्यास तिला वेळ लागे. आजच्या संग्राहकानें नोटा रुमालांत बांधाव्या असा ह्याचा अर्थ नव्हे. परंतु पावसाळ्यांत घट्ट झांकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत नोटा कोंडून निश्चिंत होणाऱ्यांनीं ह्या बासनाचा विचार करावा. ज्या दिवशीं डबा बंद केला त्या दिवशींची ओल आंत कोंडली गेली, तर रात्रीं गारवा पडतांच ती थेंबांच्या रूपानें झांकणाच्या आंतून जमते व खालच्या कागदावर उतरते. डबा बंद करावयाचा तर तो वैशाखाच्या कोरड्या दिवशीं करावा, श्रावणांत नव्हे.

लोखंडी कपाट चांगलें, पण तें बाहेरच्या भिंतीला टेंकून नसावें. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीपासून वीतभर तरी दूर, शक्य तर घरांतील मधल्या भिंतीजवळ असावें. पोटमाळा फार तापतो आणि तळघर ओल धरतें, दोन्ही टाळावींत. संग्रह सर्वांत खालच्या फळीवर कधींहि ठेवूं नये. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें तेव्हां पुण्यांत, आणि २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत, पाणी प्रथम खालच्या फळीवरच चढलें. कपाटांत ओल शोषणारी सिलिका जेल ठेवावी. तिच्यांतील रंगीत दाण्यांचा रंग पालटला म्हणजे ती भरली असें समजावें. भट्टींत सुमारें १२० अंश सेंटिग्रेडवर कांहीं तास तापविली कीं ती पुन्हां कामास येते. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, म्हणून नारिंगी दाण्यांची घ्यावी. तिची पुरचुंडी नोटांना चिकटून नसावी. हवेंतील ओल दाखविणारें लहानसें यंत्र आजकाल थोड्या पैशांत मिळतें. तें कपाटाच्या आंत ठेवणें हा ह्या छंदांतील सर्वांत किफायतशीर खर्च होय. बँकेच्या लॉकरविषयीं पुष्कळांचा समज असतो कीं तेथें कसलीच काळजी नाहीं. चोरापुरतें तें खरें आहे. पण लॉकरची खोली पुष्कळदां तळघरांत असते, आणि मालक वर्षांतून एकदां, तोहि लग्नासाठीं दागिने काढावयास, तिकडे फिरकतो. नोटा तेथें ठेवल्या असतील तर निदान पावसाळ्यापूर्वीं व नंतर, असें दोनदां जाऊन पाहिलेंच पाहिजे.

ओलीच्या पाठोपाठ किडे येतात. कसर, म्हणजे तो रुपेरी रंगाचा चपळ किडा, कागदावरील खळीसाठीं येतो व वरचा पापुद्रा कुरतडतो; झुरळें कडा खातात व डाग पाडतात; वाळवी तर कांहीं मागें ठेवीतच नाहीं. ह्यांवर घरोघरीं डांबराच्या गोळ्या टाकतात. त्यांची वाफ माणसाला अपायकारक आहे, आणि बंद जागेंत ती कित्येक प्लास्टिकांना मऊ करते व स्फटिकांच्या रूपानें पुन्हां वस्तूंवर बसते. कडुनिंबाचा पाला जुन्या काळापासून वापरांत आहे. पण तो कडकडीत वाळलेला नसला तर ओल आणि किडा दोन्ही घेऊन येतो, आणि नोटांच्या थेट वर ठेवला तर डागहि देतो. खरा उपाय कंटाळवाणा आहे: स्वच्छता, कोरडेपणा, आणि महिन्यांतून एकदां उघडून पाहणें. किडे लागलेंच, तर तो गठ्ठा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करावा व शून्याखालीं अठरा-वीस अंशांपर्यंत जाणाऱ्या शीतपेटींत पंधरा दिवस ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या हवेच्या उष्णतेस येईपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, उघडूं नये. नाहींतर गार कागदावर दंव पडावें तसें पाणी पडतें.

प्लास्टिकच्या पाकिटांनीं जितकें नुकसान केलें आहे तितकें किड्यांनींहि केलें नसेल. ह्याविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण येथें फसगत पैसे देऊन होते. बाजारांत नोटांसाठीं म्हणून जीं मऊ, चकचकीत, रेनकोटासारखा वास मारणारीं पाकिटें मिळतात तीं पुष्कळदां पॉलिव्हिनाइल क्लोराइडचीं, म्हणजे पीव्हीसीचीं असतात. हें द्रव्य मुळांत ठिसूळ. त्याला मऊपणा यावा म्हणून त्यांत तेलकट पदार्थ मिसळतात. वर्षें लोटलीं कीं ते पदार्थ बाहेर पाझरतात, नोट पाकिटाला चिकटते, शाईचा ठसा पाकिटावर उमटतो, आणि प्लास्टिक जसजसें कुजतें तसतसा त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंश सुटतो. ज्या नोटेनें शतकभर मळलेले हात, घाम आणि प्रवास सोसला, ती संग्राहकाच्या आल्बमांत दहापंधरा वर्षांत चिकट होऊन बसते.

पाकीट कशाचें आहे हें ओळखण्याची एक जुनी रासायनिक युक्ति आहे. तांब्याची तार ज्योतींत लाल होईपर्यंत तापवावी, ती पाकिटाच्या कोपऱ्यास टेंकवून थोडें प्लास्टिक तिच्यावर घ्यावें, आणि पुन्हां ज्योतींत धरावी. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकांत क्लोरीन आहे; तें पाकीट टाकून द्यावें. हा प्रयोग खिडकीजवळ, रिकाम्या पाकिटाच्या कपच्यावर करावा. धूर हुंगूं नये, आणि नोट जवळपासहि नसावी. निर्धोक मानलेलीं द्रव्यें तीन: लेप न दिलेलें पॉलिएस्टर, जें मायलार व मेलिनेक्स ह्या नांवांनीं प्रसिद्ध झालें, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन. ह्यांत पॉलिएस्टर ताठ, स्वच्छ व टिकाऊ, परंतु महाग. त्याला घर्षणानें वीज धरण्याची खोड आहे. म्हणून वर सांगितलेलीं झडणारीं कुपनें त्यांत नुसतीं सरकवूं नयेत, आम्लरहित कागदाच्या आधारावर ठेवून घालावींत. पाकीट नोटेपेक्षां बोटभर मोठें असावें, आणि सर्व बाजूंनीं डकवून टाकलेलें नसावें. एका पाकिटांत एकच नोट ठेवावी. आल्बम फार भरूं नये आणि तो उभा ठेवावा तर कलूं देऊं नये.

टांचणी, कागदी चाप, रबर आणि लोखंडी टांके ह्यांचा निकाल थोडक्यांत लावतां येईल: हीं चारहि नकोत. दमट हवेंत टांचणी गंजते व गंजाचा डाग कागदाच्या पार उतरतो. रबरांतील गंधक शाईला व कागदाला बाधतें आणि शेवटीं रबर वितळून चिकटतें. हिंदुस्थानांत मात्र एक इतिहास ध्यानांत घ्यावा लागतो. बँकांतून नोटांच्या गड्ड्या लोखंडी टांके मारून देण्याची रीत होती. रिझर्व्ह बँकेनें २००१ सालीं ती बंद करावयास लावली. म्हणून त्यापूर्वींच्या कोऱ्या करकरीत नोटेलाहि डाव्या अंगास दोन बारीक भोंकें असणें स्वाभाविक आहे. तीं बुजविण्यासाठीं कागदाचा लगदा भरणारे कारागीर निघाले आहेत. अशी बुजविलेली नोट उजेडापुढें धरली तर तेथें एक आंधळा ठिपका दिसतो, आणि मग जाणकार त्या नोटेच्या बाकी सगळ्या अंगावरहि संशय घेतो.

धुणें आणि इस्त्री हीं दोन पापें विशेष लोकप्रिय आहेत. नवी नोट कुरकुरते ती कागदावरील खळीमुळें व सरसामुळें. पाण्यांत घातली कीं ती खळ निघून जाते, नोट पांढरी दिसते आणि चिंधीसारखी लुळी पडते. कोरीव ठशांतून दाबून छापलेल्या नोटेवर शाईचा उंचवटा बोटाला लागतो. १९२८ पासून नाशिकच्या छापखान्यांत नोटा छापल्या जाऊं लागल्या, तेव्हांपासूनच्या कित्येक नोटांवर तो चांगला जाणवतो. इस्त्री फिरली कीं तो उंचवटा बसतो. घडीची रेघ दिसेनाशी होते, पण मोडलेला तंतु सांधला जात नाहीं. भिंगांतून पाहणाऱ्याला ती रेघ तेथें दिसतेच, आणि वर लबाडीचा वास येतो. खोडरबरानें मळ काढणें, ब्लीच लावणें, कडा कातरून सरळ करणें हीं ह्याच कुळांतलीं. फार तर मऊ केसांच्या कोरड्या कुंचल्यानें, मधून कडेकडे, धूळ झटकावी.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं पाटावर मांडलेल्या नोटांना हळदकुंकू वाहण्याचा रिवाज महाराष्ट्रांत घरोघर आहे. हळदीचा रंग कागदांत शिरतो तो निघत नाहीं, आणि कुंकवाचा ठिपका शेजारच्या नोटेवरहि उतरतो. पूजेंत जुनी नोट ठेवावयाची असेल तर ती पाकिटांत ठेवून वर फूल वाहावें. लक्ष्मी त्यामुळें रुसण्याचें कारण नाहीं. मात्र आजोबांच्या हातचें कुंकू ज्या नोटेवर आधींच आहे, ती धुऊन काढण्याचा विचार करणाऱ्यानें, आपण नेमकें काय पुसतों आहों हें स्वतःला एकदां विचारावें.

नोट हाताळावयाची तर हात धुऊन पूर्ण कोरडे करावे, तेल वा मलम लावलेलें नसावें, आणि नोट दोन्ही हातांनीं समोरासमोरच्या कडांना धरून उचलावी. सुती हातमोजे घालण्याची फॅशन आहे. पण त्यांनीं बोटांची जाण बोथट होते आणि फाटकी कड मोज्याच्या धाग्यांत अडकते. कागदापुरते तरी स्वच्छ कोरडे हातच बरे. नोट मोजल्यासारखी बोटांत वाकवूं नये, कोपरा अंगठ्यानें दाबूं नये. चहाचा पेला त्या टेबलावर नसावा, हें सांगण्याची गरज पडूं नये, पण पडते.

फाटलेल्या नोटेला चिकटपट्टी लावणें हा सर्वांत रूढ आणि सर्वांत खोल अपघात आहे. पट्टीचा डिंक कांहीं वर्षांत पिवळा पडून तंतूंत मुरतो, वरची पट्टी गळून पडते, आणि मागें मधासारखा पारदर्शक डाग उरतो. तो काढण्यास तज्ज्ञाकडील द्रावणें लागतात आणि शाई विरघळण्याचा धोका असतो. ज्यांना कागद दुरुस्त करण्याचें शास्त्र येतें ते पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, कारण ही खळ पुढें पाण्यानें सुटते. ज्याला तें येत नाहीं त्यानें फाटकी नोट तशीच, ताठ पाकिटांत, आधार देऊन ठेवावी. संपूर्ण नोट प्लास्टिकमध्यें तापवून कोंडणें, ज्याला लॅमिनेशन म्हणतात, ह्याविषयीं तर अमेरिकेंतील अभिलेखागारांचा अनुभव पुरेसा बोलका आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथें बॅरो नांवाच्या गृहस्थाच्या पद्धतीनें असंख्य जुने दस्तऐवज सेल्युलोज ॲसिटेटच्या पापुद्र्यांत बसविण्यांत आले. तो त्या काळचा उत्तम उपाय समजला जाई. पुढें ते पापुद्रे स्वतःच आम्ल सोडूं लागले, आणि पुढच्या पिढीच्या तज्ज्ञांवर ते सोडवीत बसण्याची पाळी आली. जेथें विद्वानांची ही गत, तेथें कोपऱ्यावरच्या दुकानाची काय कथा!

उजेडाबद्दल थोडेंच पुरे. चौकट करून दिवाणखान्यांत टांगलेली नोट हळूं हळूं फिकी होते, आणि उन्हाची तिरीप पडत असली तर फार लौकर. टांगावयाचीच असेल तर तिचें छायाचित्र टांगावें. मुंबईंत २००४ सालीं उघडलेलें रिझर्व्ह बँकेचें चलन-संग्रहालय काय, किंवा बंगळूरास २०२० सालीं सुरू झालेलें हिंदी कागदी चलनाचें खाजगी संग्रहालय काय, अशा ठिकाणीं जाणाऱ्यानें नोटांइतकेंच दिव्यांकडेहि पाहावें.

कापसाचा कागद योग्य परिस्थितींत किती सोसतो, ह्याची एक गोष्ट अलीकडे पुन्हां उजेडांत आली. १९१८ च्या जुलैंत ‘शिराला’ नांवाची आगबोट लंडनहून मुंबईस येत असतां इंग्लिश खाडींत जर्मन पाणबुडीनें बुडविली. तिच्यावर हिंदुस्थानासाठीं छापलेल्या नोटांच्या गठ्ठ्या होत्या. त्यांतील कांहीं किनाऱ्याला वाहून आल्या. त्यांत पांच व दहा रुपयांच्या सही न झालेल्या नोटा होत्या. सरकारनें बहुतेक गोळा करून नष्ट केल्या, पण थोड्या लोकांच्या हातीं राहिल्या. २०२४ च्या मे महिन्यांत लंडनच्या एका लिलावांत त्यांपैकीं दहा रुपयांच्या दोन नोटा आल्या, आणि खाऱ्या पाण्यांतून निघाल्या असें वाटूं नये इतक्या त्या चांगल्या होत्या. गठ्ठ्याच्या मध्यभागीं घट्ट दाबलेल्या असल्यामुळें त्या वांचल्या असाव्या, असा जाणकारांचा तर्क आहे. पुरांत भिजलेल्या नोटांच्या बाबतींतहि हाच धडा आहे: भिजलेला गठ्ठा घाईनें उलगडूं नये. ओला कागद स्वतःच्या भारानेंच फाटतो. पाणी निथळूं द्यावें, वरून टिपकागदांनीं टिपावें, पंखा दूर ठेवून सावलींत वाळवावें. आणि गठ्ठे पुष्कळ असतील तर पहिल्या दोन दिवसांत, बुरशी येण्यापूर्वीं, ते गोठवून ठेवावे व मग सवडीनें एकेक सोडवावा.

कायद्याची एक बाब येथेंच सांगितलेली बरी. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं रद्द झालेल्या पांचशें व हजाराच्या नोटा जवळ बाळगण्यास २०१७ च्या कायद्यानें मर्यादा घातली आहे: सर्वसाधारण माणसास एकूण दहा, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठीं पंचवीस. त्याहून अधिक असल्यास दंड आहे. गादीखालून जुनी गड्डी निघाली म्हणून ती सबंध संग्रहांत घालतां येत नाहीं.

शेवटीं नोंदवही. प्रत्येक नोटेचा अनुक्रमांक, त्यापूर्वींचीं अक्षरें, सही कोणाची, कोठून व केव्हां मिळाली, मिळाली तेव्हां कोठें फाटली होती, एवढें लिहून दोन्ही बाजूंचें छायाचित्र काढून ठेवावें. नोटेवर वा तिच्या पाकिटावर शाईनें कांहीं लिहूं नये. सहीचें महत्त्व केवढें असतें हें मराठी घरांना तरी सांगावयास नको. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ ह्यांची सही एकाहि नोटेवर नाहीं. १९३८ सालीं बँकेची पहिली नोट निघाली तेव्हां ते जाऊन टेलर आले होते. त्यांच्यानंतर १९४३ सालीं त्या जागेवर पहिला हिंदी मनुष्य आला तो महाडजवळील नाते येथें जन्मलेले चिंतामणराव देशमुख. सहाव्या जॉर्जच्या चित्राखालीं त्यांची सही असलेल्या नोटा महाराष्ट्रांतील कित्येक ट्रंकांतून, कोणत्या कागदाच्या घडींत कोण जाणे, अजून पडून असतील. ज्यांना त्या सांपडतील त्यांनीं घडी त्याच दिवशीं उलगडण्याची घाई करूं नये. ट्रंक कोरड्या खोलींत आणून एकदोन दिवस तशीच राहूं द्यावी, पाकिटें व नोंदवही आधीं आणून ठेवावीं, आणि मग उजेडांत बसून, दोन्ही हातांनीं, ती सावकाश उघडावी.